घर टॅक्सचं अपील लिहून देणारं तालुक्याचं टायपिंग सेंटर : आमचा अनुभव, ५ पैकी ४

ग्रामपंचायतच्या फेरआकारणीत घराचा टॅक्स एकदम दुपटीच्या वर गेला, हरकत दिली तर कोणी उत्तरच देत नाही, अशा लोकांसाठी हा रिव्ह्यू लिहून राहिली आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, घर मामाजींच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावानं आहे, आणि तालुक्याला तहसीलच्या रोडवर जे टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे तिथं एक रिटायर्ड काका बसतात ते घर टॅक्सचं अपील लिहून देतात. काका आधी ग्रामविकास अधिकारी होते, त्यामुळं टॅक्सचं रजिस्टर त्यांना पाठ आहे. नाव-नंबर इथं टाकत नाही, त्यांना विचारल्याशिवाय टाकणं बरं नाही. पण आपापल्या तालुक्याला असा माणूस असतेच, तो कसा ओळखायचा हे खाली लिहिते.

पहिले आमचं काय झालं होतं ते सांगते, नाहीतर सर्व्हिस चांगली काहून म्हणते ते समजणार नाही.

मोजणीवाला माणूस गावात आला तेव्हा ऐन कापसाचे दिवस होते. भाव वाढन म्हणून आम्ही कापूस विकला नव्हता, रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत छताला टेकेपर्यंत भरून ठेवला होता, दरवाजा उघडला की कापूस अंगावर येईल असा. आमच्या गावात निम्म्या घरांत हेच असते, पोरं त्याच खोलीत कापसावर झोपतात. तर तो माणूस दारातच उभा राहिला, आत पाय टाकला नाही, टेपचं एक टोक माझ्या दिराच्या हाती दिलं, बाहेरून लांबी-रुंदी घेतली अन् गेला. नंतर यादी लागली त्यात आमच्या घरापुढं वापर "व्यावसायिक", शेऱ्यात "गोदाम". घरच्या वावरातला कापूस घरात ठेवला तर ते गोदाम! आणि एवढंच नाही, मागच्या बाजूच्या दोन मातीच्या जोडाईच्या खोल्या, ज्यांच्यावर अजूनही कवेलू (कौलं) आहे, त्याही आरसीसीत टाकल्या. मधलं अंगण पण बांधकामात धरलं. अन् बांधकामाचं वर्ष २०१८, जे घरात कोणालाच माहीत नाही कुठून आलं. हरकत लेखी दिली होती, पोच पण घेतली होती, पण सुनावणीला बोलावणं आलं नाही आणि उन्हाळ्यात सरळ बिल आलं, घर कर १९४० रुपये. त्याच्या आधी ८००च्या आत होता.

शहरातल्या लोकांना वाटन की १९४० म्हणजे काय मोठं. पण ज्या घरात पेरणीच्या टायमाला बियाणं-खताची उधारी चालू असते तिथं दरवर्षीचे हजार-बाराशे जास्तीचे म्हणजे खताची एक पिशवी जाते, आणि हा आकडा एकदा रजिस्टरला चढला की पुढच्या फेरआकारणीपर्यंत म्हणजे चार वर्षं तोच राहते. दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी हे त्याच्यावर वेगळं. मामाजींना रात्री झोप नव्हती येत, पैशापेक्षा त्यांना "गोदाम" या शब्दाचं लागलं होतं, चाळीस वर्षं वावरात राबून आपल्याला व्यापारी म्हटलं म्हणून.

गावातच दोन-चार जणांनी सल्ले दिले. एकानं सांगतलं हजार-दीड हजार दे, सेटिंग करून देतो. आम्ही नाही म्हटलं आणि तेच बरं झालं, कारण असे पैसे देऊन कमी झालेला आकडा कागदावर कुठं बसतच नाही, कोणत्या आदेशानं कमी झाला असं उद्या कोणी विचारलं तर दाखवणार काय. गावातल्या सेवा केंद्रात विचारलं तर त्यांच्याकडे अपीलाचा काही फॉर्म नव्हता. मोबाईलमध्ये महाई-ग्रामचं अॅप आहे त्यात टॅक्स भरता येते, पावती निघते, त्या कामाला चांगलं आहे, पण आकारणीशी भांडायचं असन तर त्याचा उपयोग नाही.

मग मी काकाकडं गेली. दुकान छोटं आहे, बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आत एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, आणि कोपऱ्यात काकाचा टेबल. मी बसली अन् सांगायला सुरवात केली की काका आमच्यावर असा अन्याय झाला, टॅक्स इतका वाढवला. त्यांनी हात वर केला. "थांब बेटा. उतारा आणला का?" मी बिल काढून दिलं. "हे नमुना नऊ-क आहे, मागणीचं बिल. याच्यात फक्त किती भरायचे थे लिहिलं. कसे आले थे नमुना आठमंदी असते. थो घेऊन ये, मंग बोलू." आणि पैसे नाही घेतले. तालुक्याला एवढ्या लांब येऊन तसंच परत जा लागलं म्हणून त्या वेळेस मला राग आला होता, पण आता सांगते, चांगला माणूस ओळखायची हीच खूण आहे. जो पहिले उतारा मागतो तो खरा, जो पहिले पैसे मागतो आणि "होऊन जाईल" म्हणतो त्याच्याकडून उठून या.

नमुना आठचा उतारा ग्रामपंचायतीत मिळते, फी २० रुपये, आणि लोकसेवा हक्क कायद्यात पाच दिवसांची मुदत आहे. आमच्याकडे आधी "आज साहेब नाहीत, उद्या या" चाललं, काकांनी सांगतलं होतं की लेखी अर्ज द्या अन् पोच मागा, तसं केलं तर मिळाला. कोणी त्याउपर अडवलंच तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात मागता येते, त्याला ३० दिवस जातात.

उतारा घेऊन गेली तर काकांनी चष्मा लावला आणि एकेक रकान्यावर पेन्सिल ठेवत गेले. हा जो अर्धा-पाऊण तास त्यांनी दिला ना, फी द्यायची तर याची द्यावी, अर्ज काय कोणीही टाईप करून देते. त्यांनी मला गणित समजावून सांगतलं, ते इथं लिहून ठेवते कारण गावात हे कोणालाच माहीत नाही, सगळे समजतात की आकडा सरपंच ठरवते.

डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलले तेव्हापासून ग्रामपंचायतीचा घर कर भांडवली मूल्यावर लागते. भांडवली मूल्य म्हणजे जागेचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, त्यात मिळवायचं बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घर जितकं जुनं तितकी किंमत कमी धरायची), आणि जी बेरीज येईल तिला वापराच्या भारांकानं गुणायचं. राहत्या घराला भारांक १, व्यावसायिकला १.२५. मग दर हजार रुपये मूल्याला इतके पैसे असा कर, तो घराच्या प्रकारावर ठरते, मातीच्या घराला सगळ्यात कमी, आरसीसीला सगळ्यात जास्त. समजा ५० चौरस मीटरचं घर आहे, जमिनीचा दर ५००, बांधकामाचा दर १५,०००, घर जुनं म्हणून घसारा धरून बांधकामाचे ७० टक्केच मोजले, तर जमीन २५ हजार अन् बांधकाम ५ लाख २५ हजार, मिळून साडेपाच लाख. हजाराला १ रुपया २० पैसे धरले तर कर ६६० रुपये. आता तेच घर नवीन दाखवा म्हणजे घसारा नाही, आणि व्यावसायिक दाखवा, तर मूल्य होते ९ लाख ६८ हजार ७५० आणि कर ११६२ रुपये ५० पैसे. घर तेच, भिंती त्याच, फक्त दोन रकाने बदलले. त्यात प्रकार चुकला, क्षेत्रफळ चुकलं तर अजून वेगळं. हे आकडे समजण्यापुरते आहेत, दर गावोगावचे वेगळे असतात, पण रीत हीच.

काका म्हणाले, "टॅक्स जास्त आला म्हणून अपील करशील तर कोणी नाही आयकत. जास्त त सगळ्यायलेच वाटते. कोणता रकाना चुकला थे दाखव अन् त्याचा कागद लाव." माझ्या मते पूर्ण विषय या एका वाक्यात आहे. आमच्या गावातून बाकीच्यांनी जे अर्ज दिले होते ते मी पाहिले आहेत, सगळ्यांत गरिबी, नापिकी, सोयाबीनला भाव नाही, हे सगळं खरं आहे, अगदी खरं आहे, पण अपील ऐकणाऱ्याच्या हातात दर बदलायचा अधिकार नाही, नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त करायचा आहे. मामाजींनी मला बजावून पाठवलं होतं की यंदाच्या बोंडअळीचं पण लिहा. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्जात नाही घेतलं.

मग कोणत्या रकान्याला कोणता कागद हे त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं आणि इथं मला त्यांचं खरंच कौतुक वाटलं, कारण सगळे कागद घरातच होते, फक्त आम्हाला त्यांचा उपयोग माहीत नव्हता. वापर राहण्याचा आहे हे दाखवायला लाईटचं बिल, त्याच्यावर एलटी वन रेसिडेन्शियल असं छापलेलं असते, म्हणजे महावितरण ज्या घराला राहतं घर म्हणते त्याला ग्रामपंचायत गोदाम कशी म्हणते. त्याच बिलावर पुरवठा दिनांक असते, आमचा मीटर २०१८च्या लय आधीचा, म्हणजे घर त्याच्या आधीपासून उभं आहे. कापूस आमच्याच वावरातला हे दाखवायला सातबारा, त्यात ई-पीक पाहणीतून चढलेला कापसाचा पेरा, आणि नंतर तोच कापूस विकला त्याची मामाजींच्या नावाची पावती. स्लॅबच्या दोन खोल्या इंदिरा आवासच्या घरकुलातून झाल्या होत्या, त्याचा मंजुरीचा आदेश सासूबाईंच्या पेटीत लग्नाच्या पत्रिकेच्या खाली सापडला, २००९ सालचा. त्या एका कागदानं वर्ष पण सिद्ध झालं आणि आरसीसी नेमकं किती हे पण सिद्ध झालं. बाकी कच्च्या खोल्यांचे मोबाईलनं फोटो काढले, भिंतीचा जिथं पोपडा निघाला आहे तिथला जवळून, म्हणजे माती दिसते, अन् कवेलूचा खालून.

क्षेत्रफळासाठी काकांनी सांगतलं की घरी जाऊन आपण स्वतः मोजा, खोली-खोली वेगळी, अंगण वेगळं, ढोराचा कोठा वेगळा, आणि कागदावर हातानं नकाशा काढून आणा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, उताऱ्यात दोन्ही रकाने असतात ते एकमेकांशी जुळतात का हे पण पाहा. ज्या गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी होऊन सनद (जागेच्या मालकीचा कागद) मिळाली आहे त्यांनी ती लावावी, जागेच्या क्षेत्रफळाला त्याच्यापेक्षा पक्का कागद नाही.

अर्ज एका पानाचा झाला. वर "महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम कलम १२४ अन्वये अपील", कोणाकडं तर पंचायत समिती, खाली मालमत्ता क्रमांक, मग चार मुद्दे, प्रत्येक मुद्द्याखाली नोंद काय आहे, खरं काय आहे, कोणता कागद जोडला. शेवटी मागणी की जागेवर मोजणी करून नोंद दुरुस्त करावी. वाचताना मामाजींना पण समजला, जे सातवी शिकले आहेत. मी वकिलांचे अर्ज पाहिले आहेत ज्यात पहिलं वाक्यच अर्ध्या पानाचं असते, त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आता एक तारा काहून कापला. टायपिंग करणारा पोरगा वेगळा आहे आणि तो घाई करते. आमच्या अर्जात मालमत्ता क्रमांकाच्या जागी त्यानं सातबाऱ्यातला गट नंबर टाकला होता, मी वाचला म्हणून सापडला. दुरुस्त करून दिलं, वरचे पैसे नाही घेतले, पण एखाद्या न शिकलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अपील त्या एका आकड्यापायी परत आलं असतं, हे बरोबर नाही, आणि हे मी काकाला तोंडावर सांगतलं. दुसरं म्हणजे बाजाराच्या दिवशी तिथं जाऊ नका, पीक विम्याचे, दाखल्यांचे लोक रस्त्यापर्यंत उभे असतात आणि काका नीट उतारा पाहू शकत नाहीत. लाईट गेली की काम बंद, इन्व्हर्टर नाही. बायांना बसायला बाहेरच्या दोन खुर्च्या सोडून जागा नाही, उन्हाळ्यात वरती टीन आहे, तापते. आणि काका सुनावणीला सोबत येत नाहीत. ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात, "कागद मी देतो, बोलणं तुमचं," पण ज्यांना बोलायची सवय नाही त्यांना अडचण जाईल.

बिल भरायचं की थांबायचं हा सगळ्यांना पडणारा प्रश्न. काकांनी सांगतलं की भरून टाका पण अर्जावर लिहा "हरकत कायम ठेवून रक्कम भरली". ३० सप्टेंबरच्या आत भरलं तर ५ टक्के सूट मिळते, आणि थकीत राहिलं तर दंड लागते, अन् गावातला कोणताही दाखला घ्यायला गेलं की पहिले टॅक्सची पावती मागतात. आम्ही भरलं, आणि त्यामुळं अपील कमजोर झालं असं काही झालं नाही. बिल हातात पडलं त्या दिवशीची तारीख बिलावर लिहून ठेवा आणि अपीलाला वेळ लावू नका, मुदतीच्या मुद्द्यावर कोणी हात झटकायला नको.

सुनावणी पेरणीच्या धांदलीत आली. मामाजी अन् मी गेलो. पंचायत समितीत निवडून आलेले सभापती-सदस्य नसले तर बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबच प्रशासक म्हणून ऐकतात, आमच्या वेळेस तसंच होतं. साहेबांनी अर्ज वाचला, लाईटचं बिल पाहिलं, घरकुलाचा आदेश पाहिला, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (ग्रामसेवकाला आता हेच म्हणतात) एकच विचारलं की आत जाऊन मोजणी केली होती का. मामाजी मध्येच उठले अन् म्हणाले, "साहेब, मी कापूस पिकवतो, इकतो. दुसऱ्याचा घेत नाही." बस एवढंच. नंतर विस्तार अधिकारी टेप घेऊन घरी आले, चारही खोल्यांत गेले, कोठ्यात गेले, मातीच्या भिंतीला नखानं खरवडून पाहिलं. सासूबाईंनी चहा केला तर घेतला नाही, म्हणाले आधी काम होऊ द्या. असा माणूस मोजणीला पहिलेच आला असता तर हे सगळं झालंच नसतं.

आदेशात व्यावसायिक काढून निवासी केलं, मातीच्या खोल्या वेगळ्या केल्या, अंगण मोकळ्या जागेत टाकलं, घरकुलाच्या खोल्यांचं वर्ष २००९ धरलं. घर कर १९४० वरून ९१० वर आला आणि जास्त भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करायची असं लिहून दिलं. ओसरीचा मुद्दा आमच्या विरोधात गेला, आमचं म्हणणं होतं की ती तीन बाजूंनी उघडी आहे म्हणून बांधकामात नको, ते नाही मानलं, वर टीन अन् खाली फरशी आहे म्हणून धरली. ठीक आहे.

काकाची फी ५०० रुपये, २०० उतारा तपासून झाल्यावर आणि ३०० अर्ज हातात आल्यावर. झेरॉक्स वेगळे. एका गोष्टीसाठी अजून त्यांचं नाव घेते, आमच्या शेजारच्या काकू गेल्या होत्या, त्यांचा उतारा पाहून त्यांनी सांगतलं की तुमची नोंद बरोबर आहे, अपील करू नका, पैसे जातील, आणि त्यांच्याकडून एक रुपया घेतला नाही. उलट त्यांचे मालक फौजेतून रिटायर झालेले आहेत म्हटल्यावर सांगतलं की माजी सैनिकाला ग्रामपंचायतीच्या घर करात माफीची योजना आहे, त्याचा अर्ज द्या. काकूंना ते इतकी वर्षं कोणीच सांगतलं नव्हतं.

ज्यांचं गाव आता नगरपंचायत झालं आहे त्यांनी मात्र यातलं जसंच्या तसं उचलू नका, त्यांना १९६५चा नगरपरिषदेचा कायदा लागते आणि अपीलाची जागा वेगळी आहे. आणि पंचायत समितीत हरलं तरी रस्ता बंद होत नाही, पुढं जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडं जाता येते, काका ते पण लिहून देतात, फी वेगळी. आमच्या ओसरीपायी आम्ही पुढं गेलो नाही, पण ज्यांचा मुद्दा मोठा आहे त्यांनी पंचायत समितीच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागून घेजा, काका पुढचा अर्ज त्याच्याशिवाय लिहायलाच घेत नाहीत.